घायमारीची कुंडी

"आमच्या वस्तऱ्याला रक्ताची ओळख नाही," असं सलूनवाले काका प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत. वाक्य वडिलांचं, दुकान वडिलांचं आणि आरशाखालची जाड पानांची कुंडीही वडिलांचीच. वडील त्या झाडाला घायमारी म्हणत, म्हणून काकाही म्हणत. अर्थ विचारायची कधी छाती झाली नाही. पुढे वडीलच राहिले नाहीत.

त्या सकाळी खुर्चीत होते मुलीचे होऊ घातलेले सासरे. लग्न अजून पक्कं नव्हतं. मुलगी म्हणत होती, लग्नानंतरही मी बाबांच्या दुकानातच काम करणार. ते दुकान आहे तरी कसं, हे बघायला गृहस्थ मुद्दाम दाढी वाढवून आले होते. एक गाल झाला. मुलगी शेजारी टॉवेल घेऊन उभी होती. काका श्वाससुद्धा जपून घेत होते.

बाकावर पेपर वाचणाऱ्या मास्तरांनी मान वर केली. "काका, झाड कुठलं हे?"

"घायमारी."

"वा! फार जुनं नाव. घाय म्हणजे घाव. घावाला मारते ती घायमारी. पूर्वी कापलं की हिचं पान ठेचून लावायचे. हल्ली सगळे पानफुटीच म्हणतात." मास्तर खुशीत आले. "पण ही सलूनमध्ये कशाला?"

सगळ्यांच्या नजरा कुंडीवर. भिंतीकडची पानं शाबूत होती. खुर्चीकडची बाजू पार बोडकी. पान ठेचून लावायचं, हे काकांना चांगलंच ठाऊक होतं. तेच नावात सांगितलंय, हे ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी आपली चुगली स्वतःच पाणी घालून वाढवली होती.

"तुरटी झोंबते हो," ते पुटपुटले, आणि तेवढ्यात हात चुकला. फेसात लाल रेघ उमटली.

"बाबा, सरका." मुलीनं पान खुडलं, ठेचलं, गालावर दाबलं. सासऱ्यांनी तोंड उघडलं. "अंहं, एक शब्द नाही! बोललात तर पुन्हा वाहील."

ते गप्प बसले. काकांना ती शांतता कोरड्या विहिरीसारखी वाटली. सोयरीक तिच्या तळाशी जाऊन पडली होती.

मग सासऱ्यांनी गाल चाचपला. रक्त थांबलं होतं.

"मला गप्प बसवणारं आमच्या घरात आजवर कुणी नव्हतं," ते म्हणाले. "व्याही, उरलेला गाल हिला करू द्या. तुम्ही मास्तरांना घ्या."

मास्तर चपला शोधत म्हणाले, "मी आपला पेपर वाचायला आलो होतो."