खांदा मधल्या पट्ट्याकडं

लेकीचं बाळंतपण अमेरिकेत, जावई बोटीवर, आणि तिला दवाखान्यात न्यायला ड्रायव्हर कोण, तर मी! तिकडं स्टिअरिंग डावीकडं आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, या धास्तीनं मी इथं गावी, लासुर्ण्यातच निम्मा झालो होतो.

कळंबच्या टपरीवर एक ट्रॅक्टरवाला भेटला. मस्कतला बारा वर्षं ट्रक चालवून आलेला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या त्यानं माझ्यादेखत सुईत दोरा ओवावा तशा मागं घेतल्या. मी चहा प्यायचंच विसरलो.

माझं रडगाणं ऐकून त्यानं टेबलावर चहाची रेघ ओढली, शेजारी बिस्किटाची गाडी ठेवली.

"तात्या, डावं-उजवं घोकू नका. हितं काय नि तितं काय, ड्रायव्हरचा खिडकीकडचा खांदा मधल्या पट्ट्याकडं. फुटपाथकडं गेला की चुकलात."

आणि ती गाडी त्यानं खाऊन टाकली.

महिन्याभरानं अमेरिकेत मी स्टिअरिंगवर, लेक मागच्या सीटवर कळा सोसत होती. पहिल्याच वळणावर माझा खांदा फुटपाथकडं, समोरून डोंगराएवढा ट्रक! "मधला पट्टा!" असं ओरडत मी गाडी उजवीकडं ओढली.

नातू झाला. नाव ठेवायचा मान मला मिळाला. मनात एकाच माणसाचं नाव ठेवायचं होतं, पण ते मी त्याला विचारलंच नव्हतं.