कंडेन्सरवरचं कुंकू

जगात संशय घेण्याजोगं जे काही आहे ते सगळं माझ्या मावशीच्या यजमानांच्या नजरेखालून गेलेलं आहे, आणि जे राहिलंय ते उद्या सकाळी जाईल. धाराशिवच्या स्टँडवर त्यांच्या तेर गावची बस लागली की काका आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या माणसालाही. सगळ्यांचं उत्तर जुळलं की माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "सगळे एकच सांगायलेत. ठरवून सांगायलेत." घरी ते दुधाचा वास तापवण्याआधी घेतात, तापल्यावर पुन्हा घेतात, आणि चहा झाला की पहिला घोट मावशीला घ्यायला लावतात.

मावशीची नजर गेली, तिला फक्त उजेड-अंधार कळू लागला, तेव्हापासून या संशयाला रोजचं काम मिळालं. संध्याकाळी टीव्हीसमोर तिच्या शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते काका तिला सांगत. "सून आली. हसायली. मला तर तिचं हसू खरं वाटंना. पदराखाली कायतरी हाय." मावशी एकदा मला म्हणाली, "बाई, मालिका कुठली ऐकू येती? ह्यांच्या शंकाच ऐकू येत्यात. तो माळ्यावरचा जुना रेडिओ तेवढा चालू करून दे. त्यात बघायचं काही नसतं, सगळ्यांना सारखंच."

मी कामं लिहून काढून एकेक खोडणारी बाई. रेडिओ उतरवला, पुसला, धाराशिवला न्यायला गाडी ठरवली. काकांना मात्र ठाऊक होतं की मिस्त्री लोक चांगला माल काढून घेतात आणि डुप्लिकेट घालतात. त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला आणि आतल्या प्रत्येक भागावर मावशीच्या बाटलीतल्या ओल्या कुंकवाचा ठिपका दिला.

धाराशिवच्या दुकानात मिस्त्रींनी रेडिओ उघडला आणि त्यांना हसू आवरेना. "काका, लगीन लावायचंय का ह्याचं?" मग त्यांनी ठिपक्यांखालचे कंडेन्सर दाखवले, मेण लावलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. इतक्या वर्षांत त्या गळक्या झाल्या होत्या, वीज अडवून धरत नव्हत्या. तशीच वीज सोडली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळणार. "सगळे बदलावे लागतील."

काकांनी रेडिओ कुशीतच घेतला. "खराब असंल, पण माझं हाय. तुमचं नवं कुणाचं हाय, कुणाला ठाऊक?"

"मग मावशीला काय सांगू?" मी विचारलं. तेव्हा कुठं रेडिओ पुन्हा टेबलावर आला. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. जुन्या गुंडाळ्या पोखरायच्या, त्यांच्या पोटात नवे छोटे कंडेन्सर बसवायचे आणि वरून मेणानं बंद करायचं. कुंकू जागच्या जागी. काका स्टुलावर बसून हे सगळं पापणी न लवता बघत राहिले, जेवायलासुद्धा उठले नाहीत.

घरी रेडिओ लागला. पूर्वी त्यात जी सतत घरघर असायची, ती नाहीशी झाली होती. शेतीच्या कार्यक्रमातला माणूस आमच्याच सतरंजीवर बसून बोलावा इतका स्पष्ट आवाज. मावशी खुलली. काका म्हणाले, "लई साफ बोलायलाय. आतलं कायतरी काढून घेतलंय त्या मिस्त्रीनं." पण त्या संशयात नेहमीचा जोर नव्हता. टीव्ही बंद होता. सांगायला काही उरलेलं नाही अशा माणसासारखे ते कडेला सरकून बसले.

मावशीनं चाचपत रेडिओचं बटण गाठलं आणि आवाज कमी केला. "अहो, हा काय म्हणायलाय? मला नीट कळंना."

तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. काका लगेच जवळ सरकले. "सोयाबीनला भाव येईल म्हणायलाय. न्हाय येणार. बोलण्यावरनंच कळतंय, ह्यानं शेत बघितलंच न्हाय."

"व्हय?" मावशी म्हणाली.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी मी आणखी थोडी बसले. मावशीचा हात बटणावरच होता. काका थांबले की ती आवाज जरासा वाढवायची, आणि ते बोलायला लागले की कमी करायची.