मी न लिहिलेला नियम

राशिभविष्यसुद्धा मी हसायला म्हणून वाचते, भुताखेतांचं तर सोडाच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

बेळ्ळंदूरला नवव्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी दवाखान्यांसाठी पेशंट-नोंदणीचं वेब ॲप बनवते. फॉर्ममध्ये भरलेली माहिती सेव्ह होण्याआधी नियमांवर तपासली जाते – नाव रिकामं नको, जन्मतारीख उद्याची नको – त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. आमच्या ॲपमधले हे सगळे नियम मीच लिहिलेले.

टेस्टिंगसाठी खोटी माणसं कोण शोधत बसणार? आम्ही सगळे घरच्यांनाच भरती करतो! त्या दुपारी जेवून मी जरा पेंगुळले होते. खाली तळं निपचित पडलेलं, रिंग रोडचा आवाज काचेबाहेरच राहिलेला... बेळगावात बाबांचं दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं, डोक्यात तेच. म्हणून त्यांचीच माहिती भरली. 'ॲलर्जी'चा रकाना सोडून दिला, तो भरायलाच हवा असं नाही.

सेव्ह होईना. रकान्याखाली लाल अक्षरं, चक्क मराठीत – "इथं लिहायचं राहिलंय."

आमच्या ॲपमध्ये फक्त इंग्रजी आणि कन्नड आहे.

शेजारच्या सुमाला बोलावलं. तिनं स्वतःच्या आईचं नाव भरलं, ॲलर्जी रिकामी – झालं सेव्ह. बाबांचं पुन्हा भरलं – पुन्हा लाल. "ये रूल किसने लिखा?" ती म्हणाली. सगळा कोड धुंडाळला, असा नियमच नव्हता. गंमत म्हणजे मला भीती वाटली नाही. कुणीतरी हळूच बाही ओढतंय, एवढंच वाटत राहिलं.

बाबांना फोन लावला. "मला कसली ॲलर्जी? डॉक्टरलाबी तेच सांगितलंय."

मग त्यांच्या थोरल्या बहिणीला, आत्याला. ती म्हणाली, "अगं, चार वर्षांचा असताना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलेलं. काळानिळा पडला होता गं! त्याला काय आठवतंय?"

मी लगेच बाबांच्या डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. ऑपरेशनआधी द्यायचं औषध त्याच जातीचं निघालं. डॉक्टरांनी ते बदललं. हे कळल्यावर मी डेस्कवरच रडले.

रकान्यात 'पेनिसिलिन' लिहिलं, सेव्ह झालं. मग पुसून पाहिलं – तेही निमूट सेव्ह झालं.

बाबा बरे होऊन घरी आले. ते निवृत्त सरकारी इंजिनिअर, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. "आत्याला विचारायचं तुला सुचलं कसं?"

"कॉम्प्युटरनं सुचवलं."

"सांगितल्याशिवाय कॉम्प्युटर काय करत नाही गं. त्याला कुणी सांगितलं?"

मला अजूनही माहीत नाही.