केलेपीची मेव्हणी

माझा जावई केलेपी दारातून आडवा होऊन आत येतो. सरळ आला तर चौकट सोबत घेऊन येईल. ब्रिस्बेनला मटणाच्या कारखान्यात अख्खी अख्खी जनावरं खांद्यावरून वाहायचं काम करतो, आणि चर्चमध्ये गाणं सुरू झालं की लहान पोरासारखा रडतो. पहिल्यांदा आमच्या बेटावर आला तेव्हा जेवण झाल्यावर उठून भांडी घासायला बसला. जावई! ते बघायला शेजारची पिसिला दोनदा मीठ मागायला आली. मी म्हटलं, "बाई, पिशवीच घेऊन जा मिठाची, आणि बस निवांत."

त्याचं आणि माझ्या लेकीचं, सुलिएतीचं, लग्न तिकडेच झालं. ती संत्री तोडायच्या कामावर गेली होती, ती तिथलीच झाली. लग्नाच्या आधीच तिनं त्याला सांगितलं होतं, मला एक मुलगी आहे, लुपे, गावी आईजवळ असते. हा म्हणाला, मग तिला आणायची. एवढंच. पुढं बोलणं नाही.

तर त्या वर्षी तो लुपेचे कागद करायला आला. लुपे तेव्हा अकरा वर्षांची. हातात जाडजूड फाईल, डोळ्यांवर स्वस्तातला चष्मा. मी नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवत होते. तो म्हणाला, "आई, लुपेच्या जन्माचा दाखला द्या. तेवढा एकच राहिलाय."

मी मोठ्या तोऱ्यात बायबल काढलं. त्यात दाखला जपून ठेवला होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. चार इयत्ता शिकलेल्या बाईनं कागद असा सांभाळला, म्हणून जावयानं शाबासकी द्यावी अशी माझी अपेक्षा.

त्यानं वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग खाली चटईवर बसला, ते घर हललं.

"आई, हे काय आहे?"

"दाखला आहे."

"यात आईचं नाव फुसी लिहिलंय."

"मीच ती. माझंच नाव आहे."

"आणि बापाच्या जागी सासऱ्यांचं नाव."

"मग? पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. तुमच्या बेटावर नसतं का असं?"

"असतं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण ते घरात असतं, आई. कागदावर नसतं."

मला कळेना, हा एवढा का घाबरला. लुपे झाली तेव्हा सुलिएती एकोणीस वर्षांची. पोरीचा बाप बोटीवर कामाला होता, बोट गेली तसा तोही गेला. आमचा म्हातारा म्हणाला, पोर आपली. मी नोंद करायला गेले. कारकुनाच्या कानाशी रेडिओवर रग्बीचा सामना चाललेला. त्यानं विचारलं, आईचं नाव? मी माझं सांगितलं. वय? त्रेपन्न. त्यानं मान वर न करता लिहून टाकलं. साऱ्या गावाला खरं ठाऊक होतं. लुपे मला आई म्हणायची आणि सुलिएतीला नावानं हाक मारायची. यात खोटं कुठं आहे, असं मला अकरा वर्षं वाटत होतं.

"या कागदाप्रमाणे," केलेपी म्हणाला, "लुपे सुलिएतीची धाकटी बहीण आहे. म्हणजे माझी मेव्हणी. मेव्हणीला मुलगी म्हणून मी कशी नेणार? आणि सुलिएतीनं तिकडच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं? मुलं, नाहीत."

"बरोबरच लिहिलं. कागदावर नव्हतीच."

"आता मी म्हणतोय, आहे. ते म्हणतील, बाई तेव्हा खोटं बोलली. तिलाच परत पाठवतील, आई."

अळू चुलीवर करपलं, त्याचा वास आला, तरी आम्ही दोघं उठलो नाही. एक पोरगी पाठवायला निघालो होतो, आता दुसरीचाही संसार मोडायची पाळी.

त्यानं तिकडच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, सगळं खरं सांगा, तोच एक रस्ता. मायलेकींची थुंकी तपासतील, त्यावरून रक्त कळतं. आणि आजीनं कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायचं, ही माझी मुलगी नाही.

हे ऐकलं आणि मी म्हटलं, "मी नाही म्हणणार असं."

खरं सांगते, मनात दुसरंही होतं. मी गप्प बसले असते, तर लुपे माझीच राहिली असती. कोण काय करणार होतं? कागद माझ्या बाजूनं होता. म्हातारा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझ्या सुईत दोरा तीच ओवायची.

केलेपीला ते कळलं असावं. रागावला नाही. म्हणाला, "मला आईनं चार वर्षांचा असताना आमच्या बेटावर ठेवलं, स्वतः तिकडे गेली, आणि पंधराव्या वर्षी सावत्र बापानं तिकडे नेलं. विमानतळावर मी भलत्याच बाईच्या गळ्यात पडलो. माझी आई शेजारी उभी होती, फुलांचा हार घेऊन. मी तिला ओळखलंच नाही. ती अजून त्या गोष्टीवर हसते. हसते, आणि मग उठून आत जाते."

दुसऱ्या दिवशी कोर्टासाठी भाजायला डुक्कर कुठलं घ्यायचं ते बघायला गेले. केलेपी धावत मागं आला. "आई, न्यायाधीशाला डुक्कर नेऊ नका! लाच म्हणतील!"

"रिकाम्या हातानं जायचं मोठ्या माणसाकडे?"

"रिकाम्या हातानंच जायचं."

हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत विचित्र वाटलं.

कोर्टात मी केवड्याच्या पानांची चांगली चटई कमरेला बांधून गेले, आमच्याकडे मोठ्या माणसापुढे जाताना बांधतात तशी; म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला बांधलेली ती नव्हे, लग्नातली. न्यायाधीश बाई होती, माझ्या सुलिएतीएवढी. लुपे मागच्या बाकावर केलेपीजवळ बसली होती. तिला बाहेर ठेवा असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

बायबलवर हात ठेवला. बाईनं दाखला वाचला, थुंकीचा अहवाल चाळला.

"नोंदीच्या वेळी तुमचं वय त्रेपन्न होतं?"

"हो बाई."

"आणि कारकुनानं काहीच विचारलं नाही?"

"आपण हरत होतो त्या सामन्यात."

मागं लोक हसले. बाईनंही तोंडावर हात धरला. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच भागलं. मग तिनं हात खाली घेतला, लुपेचं कागदावरचं पूर्ण नाव घेतलं.

"तोकिलुपेला तुम्ही जन्म दिलात का?"

"नाही."

"ती तुमची मुलगी आहे का?"

"नाही."

संपलं. बाईनं काहीतरी लिहिलं, म्हणाली, दाखला बदलून मिळेल, आईच्या जागी सुलिएतीचं नाव येईल. मी विचारलं, "आणि माझं नाव कुठं येईल?" ती म्हणाली, "या कागदावर आजीचा रकाना नसतो, बाई."

पिसिलाच्या नवऱ्याची गाडी घेऊन आलो होतो. केलेपी चालवत होता, मधे लुपे, कडेला मी. मी म्हटलं, "भूक लागली का गं?" ती समोर बघत म्हणाली, "मला माहीत होतं. शाळेत सगळ्यांना माहीत आहे."

"मग झालं तर."

"पण तू एवढ्या पटकन म्हणशील असं वाटलं नव्हतं."

कुणी कानशिलात दिली असती तरी बरं झालं असतं. या पोरीला मी न्हाऊ घातलं, गोवरात उशाशी बसले होते.

केलेपीनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. "लुपे, मी रोज शंभर शंभर किलोचं ओझं उचलतो," तो म्हणाला. "जड असलं की एका दमात उचलावं लागतं. मधे थांबलं की पडतं. आईनं तसंच उचललं. मी मागून बघत होतो, तिचे गुडघे कापत होते."

लुपेनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. चटईखाली ते अजून हलत होते. तिनं त्यांच्यावर हात ठेवला आणि दाबून धरले, जसं वाऱ्यानं उडणारं काही धरून ठेवावं.

मग हात तिथंच ठेवून तिनं केलेपीला विचारलं, "तिकडे शाळेत डबा न्यावा लागतो का?"

"न्यावा लागतो."

"कोण करून देतं?"

"मी करीन," केलेपी म्हणाला. "सुलिएतीचा भात करपतो."

लुपे हसली. विमान त्यानंतर सात महिन्यांनी उडालं, पण मला विचाराल, तर पोर माझ्या घरून गेली ती तिथं, त्या रस्त्याच्या कडेला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून.