बुशमामा आणि तनूचं चाक

कुणाशीही हात मिळवला की बुशमामा तो लगेच सोडत नसत. आधी खाली-वर, मग आडवा, असा दोनदा हलवून बघत आणि मान तिरकी करून निकाल देत, "मनगटाला थोडा प्ले हाय. बाकी ठीक." प्ले म्हणजे ढिलेपणा. गावच्या सरपंचांचा हात त्यांनी असाच तपासला होता, आणि एका लग्नात स्टेजवर चढून नवरदेवाचाही. खुर्चीवर बसण्याआधी ते ती हलवून बघत, चहा पिण्याआधी कपाचा कान. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, प्ले आलेल्या आणि प्ले येणार असलेल्या.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्यांचं धातू कातायच्या लेथचं पत्र्याचं दुकान होतं. जन्मभर कारखान्यात टर्नर म्हणून घासून निवृत्त झालेला माणूस. एखादा भाग झिजला की लोक नवीन आणतात, मामांना त्याचा मनापासून राग. झिजलेली जागा लेथवर कातून जरा मोठी करायची आणि तिच्यात बुश, म्हणजे धातूची नवी कडी, घट्ट बसवायचा, एवढं एकच औषध ते सगळ्या रोगांवर देत. पंपाला बुश, मिक्सरला बुश, देवळाच्या दाराला बुश. त्यामुळे त्यांचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं.

त्यांचं अर्धं वर्कशॉप मात्र शेजारच्या शेवंतावहिनींच्या वडापावच्या टपरीत होतं. ज्या भागात बुश बसवायचा तो तापवून फुगवायचा, बुश गारठवून आकसवायचा, म्हणजे तो आत जातो आणि नंतर जन्मात निघत नाही. वहिनींकडे वड्यांची कढई होती आणि कुल्फीचा फ्रीझरही. दिवसाचं उरलेलं, फेकायचं तेल मामांच्या वाट्याला यायचं, आणि फ्रीझरच्या एका कोपऱ्यात बटर पेपरात गुंडाळलेले बुश पडून असायचे. एकदा गडबडीत वहिनींनी त्यातला एक, कुल्फी म्हणून, ट्रक ड्रायव्हरच्या हातात ठेवला. चौक गावापर्यंत गेलेला ट्रक वळून परत आला. ड्रायव्हर गाल धरून उतरला. मामांनी त्याला तोंड उघडायला लावलं, दाढ बोटाने हलवली आणि म्हणाले, "प्ले हाय, पण तो जुना हाय."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. तनू तेव्हा दहा वर्षांची होती. माझा मेहुणा एका फार्महाऊसवर कामाला. तिथे पाहुण्यांच्या मुलांनी पिळून काढलेली एक छोटी डर्ट बाइक त्याने आमच्या घरी आणून टाकली. भात कापून झालं की आमच्या दहिवलीच्या मागच्या खाचरांतून तनू ती उडवायची. एक दिवस पुढचं चाक डगमगलं आणि ती बांधावरून खाली आली. हनुवटीला चार टाके. आणि टाके ओले असतानाच तिने जाहीर केलं, की पुढच्या रविवारी लोधिवलीजवळ मुलांची शर्यत आहे आणि ती जाणार आहे.

मी शाळामास्तर. वर्गात 'घाबरू नका' म्हणायचा पगार घेतो, पण टाके पाहून माझं पाणी पाणी झालं होतं. चाक घेऊन आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी ते हलवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. चाकाच्या मधला हब आतून इतका झिजला होता की त्यातलं बेरिंग खुळखुळ्यासारखं वाजत होतं. तनू वडा खायला गेल्यावर मी मामांना बाजूला घेतलं.

"मामा, हे होण्यातलं नाही असं सांगून टाका ना तिला."

"पन होतंय की."

"होतंय, पण सांगा. रविवार टळू दे."

मामांनी माझ्याकडे, मग टपरीपाशी तोंड भाजत वडा खाणाऱ्या तनूकडे पाहिलं. "बरं. बघतो," ते म्हणाले. मी निश्चिंत झालो. इथेच मी फसलो.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला, दोघं या. गेलो तर चाकाचे आरे काढून ओळीने मांडलेले, हब आतून आरशासारखा कातलेला आणि कढईत तेलाला धूर सुटलेला. वहिनी नाकाला पदर लावून म्हणत होत्या, "मामा, तुमचं एक दिवस तेलात बोट जाईल आनी मी गिऱ्हाइकाला देईन!" मामांनी हब तेलातून काढून लाकडी फळीवर ठेवला, फ्रीझरमधून बुश आणवला, सांडशीत धरला. आणि थांबले.

"मास्तर, माझे हात कापतात आता. तुमी टाका."

"मी?"

"सरळ सोडायचा. वाकडा गेला की अर्ध्यात अडकतो, मग हब भंगारात. मग काय, रविवार बी गेला." हे ते अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाले. "बघा. तुमच्या हातात हाय."

खरोखरच होतं. सांडशी जराशी तिरकी केली असती की झालं असतं, कुणी मला बोल लावला नसता. तनू माझ्या कोपराला चिकटून उभी होती. ती बुशाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मामा ओरडले, "गरम हाय तवर टाका वं!" आणि मी तो सोडला. सरळ. टक् असा आवाज झाला आणि बुश तळाला जाऊन बसला.

त्यानंतर मामांनी स्टूल ओढलं आणि एकेक आरा हबमध्ये ओवून आऱ्यांच्या टोकाच्या तांदळाएवढ्या चाव्या बोटांनी फिरवत चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला सुरुवात केली. एकही चावी बोटांतून निसटली नाही. एकदाही बोट हललं नाही. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "तेलाचा धूर गेला ना, की थांबतात कापायचे."

शर्यतीत तनू शेवटून दुसरी आली. मामा बांधावर उन्हात उभे होते. तिने विचारलं, "मामा, कशी चालवली?" ते म्हणाले, "तुला कोन बघतंय गं बाय? मी चाक बघत व्हतो. चाक पयलं आलं."

गेल्या आषाढात मामा गेले. झोपेतच गेले. लेथ कुणीतरी उचलून नेला, पत्र्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मी दुसरीकडे बघतो. हिवाळ्यात तनूच्या बाइकचं मागचं चाक डगमगायला लागलं. खरं सांगतो, मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. मामा नाहीत, आता कोण करणार! मी तिला तसं म्हणालोही. म्हटल्याक्षणी माझी मलाच लाज वाटली.

तनूचं ठरलेलं होतं, निदान वहिनींना चाक दाखवू. वहिनींनी ते पाहिलं, फ्रीझरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून एक पुडी काढली. बटर पेपरावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'तनू. मागचं चाक.' खाली हब किती कातायचा त्याचं माप. आणि त्याखाली, 'मास्तर नाय म्हनतील. तरी देने.'

वहिनी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "पुढचं गेलं म्हंजे मागचं जानारच, म्हनायचे. दोन वर्सं सांभाळतेय. कुल्फीत जाऊ दिला नाय."

खोपोलीच्या एका टर्नरकडून मी त्या मापाचा हब कातून आणला. वहिनींनी फेकायचं तेल पुन्हा तापवलं. हब फळीवर आला, गारठलेला बुश मी सांडशीत धरला आणि थांबलो.

"तनू," मी म्हणालो, "माझे हात कापतात. तू टाक."

मामांचे तेव्हा कापत नव्हते. माझे खरंच कापत होते.