हाताला गुण

झाडांची छाटणी आणि औषधपाणी करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणे आणि तोही तोऱ्यात ओ देई. कुणी खोडात खिळा ठोकलेला दिसला की त्याचा पारा चढे. “तुमच्या पाठीत ठोकू का?” असं तो तोंडावर विचारी.

आज तो बहिणीच्या अंगणात उभा होता. गेल्या वर्षी इथल्या झाडाची फांदी त्यानेच कापली होती. नेमकी त्या कापापासून साल काळी पडत बुंध्यापर्यंत उतरली होती. झाड गेल्यातच जमा होतं. त्याला आठवलं, त्या दिवशी एक रोगट झाड कापून तो घाईघाईने इकडे आला होता आणि करवत पुसलीच नव्हती. दर झाडानंतर करवत स्पिरिटने पुसा म्हणून हाच जगाला दटावायचा!

“एवढं सांभाळून कापलंस रे दादा, पण झाडाचंच नशीब फुटकं,” बहीण म्हणाली. मग तिने कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली. “अहो काकू, तुमचंही झाड यालाच दाखवा. आमच्या दादाच्या हाताला गुण आहे.”

डॉक्टरने दोन्ही हात खिशात घातले.