कॉम्प्युटरचा घाम

आमच्या कोथरूडच्या शाखेत कॉम्प्युटर आले, त्यांच्यासाठी एसी आला, आणि त्या गारठ्यात मला घाम फुटू लागला. कानशिलं तापायची, ब्लाउज भिजायचा, रोजच्या खातेदाराचं नाव ओठांवर येऊन अडायचं. रात्री झोप नाही. साहेबांनी निदान केलं, बाईंनी कॉम्प्युटरची धास्ती घेतली. त्याच सुमारास बँकांत स्वेच्छानिवृत्ती निघाली होती, त्यामुळे औषधही तयारच होतं.

घरी आणखी दोन तज्ज्ञ. नवरा दुसऱ्या बँकेत. "पुष्कळ झाली नोकरी. घरी बसलीस की आपोआप बरं वाटेल." मुलगा नुकताच आयटीत चिकटलेला. "आई, तुला नाही जमणार ते. सोड ना, चिल कर." पाळी जाऊन वर्ष झालेली बाई याच घरात वावरते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेअरचे भाव मात्र दोघांना तोंडपाठ. मला नोकरी हवी होती. माझी एकटीची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

शेवटी मीच स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. नको म्हटलं तरी हे सोबत आले. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय होतंय?"

हे म्हणाले, "कॉम्प्युटरचं टेन्शन."

"पाळी कधी गेली?"

हे माझ्याकडे बघायला लागले. इतकं अज्ञान इतक्या आत्मविश्वासाने बाळगणाऱ्या माणसाशी मी संसार केला, याची मला लाज वाटली. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं.

मग छाती तपासली, रक्तदाब बघितला, घरात कोणाला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, ते विचारलं. "हे सगळं पाळी गेल्यामुळे, शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालंय. ते गोळीतून घेता येतं, नाहीतर दंडावर त्याचं जेल चोळायचं. तुमचं गर्भाशय काढलेलं नाही, म्हणून ते एकटं द्यायचं नाही, आतलं अस्तर वाढतं. सोबत झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. डोस कमीत कमी ठेवू. तीन महिन्यांनी या, पुरत नसेल तर वाढवू." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नोकरी सोडायचीय तुम्हाला?"

"नाही," एवढंच म्हणाले आणि मला रडू फुटलं. हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

बाहेर हे घड्याळ बघत उभे. "झालं? मग निवृत्तीचा अर्ज कधी देतेस?"

"तुमची रक्तदाबाची गोळी किती वर्षं चालू आहे हो?"

"सहा. का?"

"मग अर्ज आधी तुम्ही द्या."